मुंबईचे हायकोर्ट आणि त्याचे नकार

संपादक मंडळाने हायकोर्टाचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा अट एकच घातली: मुख्य न्यायमूर्तींची यादी आणि इमारतीचे वर्णन एवढ्यावर भागवू नका. यादी परिशिष्टात येणारच आहे. इमारतीबद्दल मात्र थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण सरकारी बांधकामात असे क्वचित घडते. कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्याप्रमाणे एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. मंजूर अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा होता, खर्च आला १६,४४,५२८. म्हणजे अडीच हजारांहून जास्त रुपये चक्क उरले. १० जानेवारी १८७९ रोजी तिथे पहिल्यांदा कोर्ट भरले. दगडांविषयी एवढे पुरे.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सगळे सोपे असते. विधिमंडळ कायदा करते, सरकार तो राबवते, न्यायालय त्याचा अर्थ सांगते. मुंबईच्या कोर्टाचे दोनशे वर्षांचे दप्तर चाळले की ही वाटणी कागदावरच राहिलेली दिसते. कायदा घडवण्यात या कोर्टाचा हात सतत आहे, आणि बहुतेक वेळा तो नकाराच्या रूपाने आहे. कोर्टाने एखादी गोष्ट चालू देणार नाही म्हटले, की त्याला उत्तर म्हणून सरकारने नवा कायदा केला, किंवा वरच्या कोर्टाने तो नकार मोडला, किंवा पुढच्या पिढीने तो उचलून धरला. काही नकार द्यायचे राहूनही गेले. त्यांचा हिशेबही याच इतिहासात मांडायला हवा.

हायकोर्टाचा जन्म १८६२ चा, पण गोष्ट त्याच्या आधी सुरू होते. १७२६ च्या सनदेने मुंबईत मेयर्स कोर्ट आले, १७९८ मध्ये त्याच्या जागी रेकॉर्डरचे कोर्ट आले, आणि १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्ट स्थापन होऊन ८ मे १८२४ रोजी सुरू झाले. या कोर्टाचे न्यायाधीश इंग्लंडच्या राजाने नेमलेले, तर राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीचा. त्या काळातला सत्तेचा समतोल म्हणायचा तर तो एवढ्याच फरकात होता. न्यायाधीशाचा पगार आणि नेमणूक गव्हर्नराच्या मर्जीवर नव्हती, ही गोष्ट गव्हर्नराला रोज खुपत असे.

त्यात आणखी एक तरतूद होती, जी आज वाचताना नवल वाटते. मुंबई शहराला लागू करायचा कोणताही नियम गव्हर्नराने काढला, तर तो सुप्रीम कोर्टात नोंदवून घ्यावा लागे. नोंद झाली नाही तर नियम लागू नाही. कलकत्त्यात १८२३ मध्ये वृत्तपत्रांना परवाना सक्तीचा करणारा नियम तिथल्या कोर्टापुढे आला आणि राममोहन रॉय वगैरेंचा विरोध असूनही नोंदवला गेला. मुंबई सरकारने तसाच नियम १८२६ मध्ये नोंदणीसाठी पाठवला. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी तो नोंदवून घ्यायला नकार दिला. गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांना आपण उदारमतवादी म्हणून ओळखतो. कायदा होण्याआधीच तो अडवण्याचा अधिकार मुंबईच्या कोणत्याही न्यायालयाला पुन्हा मिळाला नाही. आजचे कोर्ट कायदा झाल्यावर तो रद्द करते. वेस्टच्या कोर्टाने तो होऊच दिला नाही.

दोन वर्षांनी याहून मोठा खटका उडाला. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता. हा ताबा बेकायदा आहे, अशी तक्रार सुप्रीम कोर्टात आली आणि कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला: मुलाला आमच्यापुढे हजर करा. ठाण्याच्या तुरुंगातल्या बापू गणेश या कैद्याबाबतही असाच हुकूम निघाला. आता गव्हर्नर सर जॉन माल्कम होते. नुकत्याच जिंकलेल्या पेशव्यांच्या मुलखातल्या सरदारांना दिलेली अभयवचने त्यांना सांभाळायची होती. मुंबईच्या कोर्टाचा हुकूम घाटावर चालणार नाही, असे त्यांनी न्यायाधीशांना पत्राने कळवले. कोर्टाला पत्राने समज देणे म्हणजे काय, हे कोणत्याही वकिलाला समजावून सांगायला नको.

त्यातच दैव फिरले. वेस्ट १८२८ च्या ऑगस्टमध्ये वारले, सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरात गेले. कोर्टात उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. त्यांनी माघार घेतली नाही. आपल्या हुकुमाची अंमलबजावणी सरकार करू देत नाही असे पाहून १८२९ मध्ये त्यांनी चक्क कोर्ट बंद केले. एका न्यायाधीशाने गव्हर्नराविरुद्ध केलेला हा संपच म्हणायचा. लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याच वर्षी निर्णय दिला: मुंबई शहराबाहेरच्या रयतेवर सुप्रीम कोर्टाचा असा अधिकार नाही. ग्रँट हरले. कंपनीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी तर माल्कमना खासगी पत्रात लिहिले की ग्रँटच्या दोन्ही बाजूंना दोन सरकारधार्जिणे न्यायाधीश बसवू, म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानटी हत्तीसारखे ते सरळ चालतील. पत्र बाहेर फुटले आणि एलेनबरोंची शोभा झाली. न्यायाधीशांच्या नेमणुका कशासाठी करायच्या असतात याची इतकी प्रांजळ कबुली नंतरच्या कोणत्याही सरकारने दिलेली नाही.

१८३३ च्या सनदी कायद्याने नोंदणीची अट काढून टाकली. कायदे करण्याचे अधिकार कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलकडे गेले. पुढची तीस वर्षे मुंबईत राजाचे सुप्रीम कोर्ट एका बाजूला आणि कंपनीच्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालती दुसऱ्या बाजूला, अशी दोन घरे चालली. ती एकत्र करून हायकोर्ट झाले. २६ जून १८६२ ला लेटर्स पेटंट निघाले आणि १४ ऑगस्टला सर मॅथ्यू सॉस यांच्या नेतृत्वाखाली कामकाज सुरू झाले. ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड ही आपली आजची विभागणी त्या दोन घरांचाच वारसा आहे. त्याच वर्षी मुंबईची विधान परिषद पहिल्यांदा भरली. कायदा करणारे आणि कायदा तपासणारे सभागृह मुंबईत एकाच वर्षी आले, पण परिषदेत तेव्हा सगळे नियुक्त सभासद होते. तिला लोकांचा आवाज म्हणणे जमणार नाही.

लिखित कायदा थोडा, आणि खटले उदंड. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने क्रम लावून दिला होता: आधी लिखित कायदा, मग देशाची रूढी, मग प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. या शेवटच्या दारातून न्यायाधीशांनी बरेच काही आत आणले. हिंदू वारसाहक्कात मुंबई इलाख्याचा कल 'व्यवहारमयूखा'कडे राहिला आणि स्त्रियांना इथे इतर इलाख्यांपेक्षा जरा अधिक जागा मिळाली. नानाभाई हरिदास १८८४ मध्ये पहिले कायम भारतीय न्यायमूर्ती झाले. त्यांच्या मागून काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये आणि महादेव गोविंद रानडे १८९३ मध्ये आले. संस्कृत ग्रंथ मुळातून वाचणारी माणसे बेंचवर बसल्यावर धर्मशास्त्राचा अर्थ त्यांना स्वतःच लावता येऊ लागला. कायद्याची भाषा इंग्रजी राहिली, आशय मात्र इथल्या माणसांनी ठरवायला सुरुवात केली.

याच काळात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लग्न लावून दिलेली मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला तयार नव्हती. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. संमती नसलेल्या, लहानपणीच बांधल्या गेलेल्या मुलीला जबरदस्तीने पाठवणे त्यांना अमानुष वाटले. निकालाला कायद्याचा आधार तोकडा होता, आणि टीकाकारांनी तेच दाखवून दिले. 'मराठा' आणि 'केसरी' तुटून पडले. अपिलात सार्जंट आणि बेली यांनी निकाल फिरवला. न्यायमूर्ती फॅरन यांनी १८८७ मध्ये हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करू म्हणून सांगितले. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

पिन्ही यांचा निकाल टिकला नाही, तो टिकायला हवा होता की नव्हता यावर कायदेपंडित अजून भांडतील. माझ्या मते तो चुकीच्या कायद्यावर दिलेला योग्य निकाल होता. पण त्याने जो प्रश्न चव्हाट्यावर आणला, तो विधिमंडळाला टाळता आला नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे कलकत्त्यातल्या फुलमणी या बालवधूचा मृत्यू हे तातडीचे कारण होते, पण त्याआधी सहा वर्षे मुंबईत हाच वाद पेटत होता. नांदायला न जाणाऱ्या बायकोला कैदेत टाकण्याची तरतूद १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली गेली, आणि १९२३ मध्ये ती काढूनच टाकली. एका फेटाळलेल्या दाव्याचे उत्तर द्यायला कायदेमंडळाला चार दशके लागली.

उलट दिशेचा दाखला टिळकांचा. राजद्रोहाचे कलम १२४-अ हे १८७० मध्ये दंडसंहितेत घातले गेले. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारबद्दल प्रेमाचा अभाव म्हणजेच कलमातली अप्रीती, मग ती किती तीव्र आहे हे पाहायचे कारण नाही. सहा युरोपियन ज्यूरर विरुद्ध तीन भारतीय अशी मतविभागणी होऊन टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. लगेच १८९८ मध्ये सरकारने कलमात दुरुस्ती केली आणि स्ट्रॅचींनी ओढून ताणून लावलेला अर्थ कायद्याच्या मजकुरातच बसवला. न्यायालयाने कायदा केला आणि विधिमंडळाने तो मागून उतरवून घेतला, असे म्हटले तर ते वकिली अतिशयोक्तीत जमा होणार नाही.

१९०८ मध्ये खटला न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे चालला. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या बाजूने उभे राहिले होते. या वेळी ज्यूरी सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षे काळे पाणी. या निकालाला लाज म्हणायची की कायद्याची मजबुरी, हे प्रत्येक पिढीने आपापल्या परीने ठरवले. स्वातंत्र्यानंतर टिळकांच्या उद्गारांची पाटी खुद्द कोर्टातच लागली आणि तिचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केले. मध्यंतरीचा एक निकाल मात्र लोक विसरतात. १९१६ मध्ये बेळगाव आणि नगरच्या भाषणांसाठी पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम ९ नोव्हेंबर १९१६ रोजी रद्द केला. टिळकांच्या बाजूने जिना उभे होते. तेच कोर्ट, तेच कलम, तोच आरोपी. आणि होमरूल मागणे म्हणजे राजद्रोह नव्हे, असे या वेळी ठरले.

कलमाचे पुढचे आयुष्यही मुंबईशी बांधलेले राहिले. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने त्याचा अर्थ सौम्य केला, तर १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव या मुंबईच्याच प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने टिळक खटल्यातला कडक अर्थ पुन्हा जिवंत केला. १९६२ च्या केदारनाथ निकालात सुप्रीम कोर्टाने फेडरल कोर्टाची बाजू घेतली, आणि २०२२ मध्ये कलमाचा वापरच स्थगित केला. स्ट्रॅचींच्या एका भाषणाने घातलेला घोळ निस्तरायला सव्वाशे वर्षे गेली.

संविधान आले आणि नकार देण्याचा अधिकार लेखी मिळाला. अनुच्छेद २२६ खाली रिट काढण्याचा, आणि अनुच्छेद १३ खाली मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा निरर्थक ठरवण्याचा. पहिली मोठी परीक्षा दारूबंदीने घेतली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातली बरीच कलमे हायकोर्टाने १९५० मध्ये उडवली. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यातली बहुतेक पुन्हा जागेवर बसवली. औषधे आणि प्रसाधनांमधल्या अल्कोहोलसारख्या काही बाबींपुरता निकाल टिकला.

दुसरी परीक्षा अवघड होती. १९४६ च्या मुंबईच्या कायद्याने हिंदूंमध्ये दुसरे लग्न गुन्हा ठरवले होते. नरसू अप्पा माळी प्रकरणात त्याला आव्हान मिळाले: फक्त हिंदूंनाच का, हा भेदभाव नाही का? छागला आणि गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये कायदा वैध ठरवला. राज्य सुधारणा टप्प्याटप्प्याने करू शकते, हा त्यांचा एक मुद्दा होता. त्याच निकालात त्यांनी दुसरे एक विधान केले: धर्माधारित व्यक्तिगत कायदा हा अनुच्छेद १३ मधला 'अंमलात असलेला कायदा' नाही, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो तपासता येणार नाही. आपल्या हायकोर्टाच्या सगळ्या निकालांत देशभर सर्वांत दूर पोहोचलेला निकाल बहुधा हाच. त्याने व्यक्तिगत कायद्याला न्यायालयाच्या हाताबाहेर ठेवले आणि सुधारणेचे सगळे ओझे संसदेवर टाकले. छागला समान नागरी कायद्याचे पुरस्कर्ते होते, गजेंद्रगडकर सुधारक होते. दोघांनी मिळून असे कुंपण घालावे, हे मला आजवर नीट उलगडलेले नाही. संसद करील असा त्यांचा विश्वास असावा, आणि १९५५-५६ मध्ये हिंदू कायद्यापुरता तो खराही ठरला. २०१७ मध्ये तिहेरी तलाकच्या आणि २०१८ मध्ये शबरीमलाच्या निकालात सुप्रीम कोर्टातल्या न्यायमूर्तींनी या निकालाबद्दल शंका घेतली, तरी तो अजून रीतसर मोडीत निघालेला नाही.

गंमत अशी की याच हायकोर्टाच्या पणजी खंडपीठात रोज वेगळाच कायदा चालतो. गोव्याच्या जुडिशियल कमिशनरचे कोर्ट संपून ३० ऑक्टोबर १९८२ ला खंडपीठ आले, तेव्हा १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्या पदरात पडली. लग्न, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता या बाबतीत ती बहुतांशी सर्व धर्मांना सारखी लागते. मुंबईत जे करायला घाबरायचे, ते पणजीत गुपचूप चालू असते.

नानावटी खटला लोकांना कथेसाठी आठवतो. आपल्या विषयासाठी त्यातला एकच दिवस महत्त्वाचा आहे, ११ मार्च १९६०. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेल्या नौदल अधिकाऱ्याला हायकोर्टाने त्या दिवशी जन्मठेप दिली, आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली, म्हणजे सुप्रीम कोर्टातले अपील निकालात निघेपर्यंत तो तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहावा. हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी राज्यपालांचा अधिकार मान्य केला. सुप्रीम कोर्टाने मात्र सप्टेंबर १९६० मध्ये सांगितले की अपील कोर्टापुढे प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करणे हे कोर्टाचे काम आहे, राज्यपालांनी त्यात पडायचे नाही. इथे नकार दिल्लीने दिला. मुंबईने तो द्यायला हवा होता असे माझे मत आहे, आणि त्या काळच्या पुष्कळ ज्येष्ठांचेही होते.

आणीबाणीत मात्र मुंबईने नकार दिला. वकिलांच्या एका खासगी सभेला, जिच्या अध्यक्षस्थानी छागला असणार होते आणि विषय होता नागरी स्वातंत्र्य, मुंबईच्या पोलिस आयुक्तांनी परवानगी नाकारली. नथवानी प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती कांटावाला आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी तो हुकूम रद्द केला. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा एकल न्यायमूर्तींनी तो मोकळा केला आणि सरकारचे अपील न्यायमूर्ती मादन व कानिया यांनी १० फेब्रुवारी १९७६ रोजी फेटाळले. सगळ्या वर्तमानपत्रांनी एकाच सुरात गायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही, असा त्या निकालाचा रोख होता. देशभर छापखाने गप्प असताना हे लिहिले गेले. आणि स्थानबद्धांच्या हेबिअस कॉर्पस याचिका चालू शकतात असे ज्या नऊ हायकोर्टांनी ठरवले, त्यांत आपले नागपूर खंडपीठ होते.

त्यांचा सगळ्यांचा निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी फिरवला. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, मुंबईच्याच हायकोर्टातून वर गेलेले. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे उभे राहिले. पण शेवटचा शब्द न्यायालयाचा ठरला नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संसदेने लिहून ठेवले की आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क निलंबित करता येणार नाही. न्यायालयाने हात झटकले आणि संसदेने चूक दुरुस्त केली. समतोलाबद्दल बोलताना आपण वकील मंडळी हा दाखला सोयीस्करपणे विसरतो, कारण त्यात शहाणपण दुसऱ्या बाजूला जाते. २०१७ मध्ये धनंजय चंद्रचूड यांनी, तेही पूर्वी मुंबईचेच न्यायमूर्ती, वडिलांचा तो निकाल नऊ न्यायाधीशांच्या पीठातून रीतसर पुसला.

यानंतरची वर्षे घाईने सांगतो, कारण वाचकांपैकी बरेच जण त्यांचे साक्षीदार आहेत. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंट वाटपाबाबत निकाल दिला आणि मुख्यमंत्री अंतुले यांनी राजीनामा दिला. औरंगाबादला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी २७ ऑगस्ट १९८१ पासून कामकाज सुरू केले. मुख्य न्यायमूर्तींना तसा अधिकार आहे का, हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि १९८२ मध्ये अधिकार मान्य झाला. नागपूरचे खंडपीठ त्या आधीपासूनचे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र नागपूर हायकोर्टाची ती परंपरा आहे.

विधिमंडळ आणि हायकोर्ट यांच्यातली रस्सीखेच सर्वांत लांबली ती डान्स बारवरून. २००५ मध्ये मुंबई पोलिस कायद्यात ३३-अ कलम घालून बारमधले नाच बंद केले, पण तारांकित हॉटेलांना सूट दिली. एप्रिल २००६ मध्ये हायकोर्टाने कलम उडवले, कारण तेच नृत्य महाग हॉटेलात चालते आणि स्वस्त बारमध्ये का चालत नाही याला उत्तर नव्हते. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. विधानसभेने २०१४ मध्ये सूटच काढून टाकून सरसकट बंदी आणली. ती २०१५ मध्ये स्थगित झाली. मग २०१६ चा नवा कायदा आला, ज्याच्या अटी पाळणे कोणालाच शक्य नव्हते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी सैल केल्या. चौदा वर्षांत एकाच प्रश्नावर तीन कायदे झाले. या काळात बारबालांचे काय झाले, हे कोणत्याही निकालपत्रात शेवटपर्यंत आलेले नाही.

अलीकडचे उदाहरण २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांचे. सरकारविषयीची बातमी खरी की खोटी, हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवायचे होते. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांचे ३१ जानेवारी २०२४ रोजी मतभेद झाले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेलांच्या बाजूने मत दिले आणि नियम गेला.

न्यायाधीशांवर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्नही आपल्याच बारने ऐरणीवर आणला. १९९५ मध्ये मुंबई बार असोसिएशनच्या ठरावानंतर मुख्य न्यायमूर्ती भट्टाचारजी यांनी पद सोडले. त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने वकिलांच्या संघटनांना मर्यादा आखून दिली, आणि तिथूनच न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारींसाठी अंतर्गत चौकशीची पद्धत आली. ती पुरेशी आहे असे बारमध्ये फार थोडे जण मानतात.

आणि न्यायालयाच्या हातात तरी काय असते? शहराचे नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, हायकोर्टाचे नाव इंग्रजीत अजून 'बॉम्बे'च आहे, कारण ते संसदेने बदलायचे आहे. मंजूर न्यायमूर्ती ९४, पण नेमणुकांची फाइल दिल्लीतून फिरून येते. नवी इमारत हवी तर जमीन राज्याने द्यायची. जागेसाठी हायकोर्टातच याचिका कराव्या लागल्या, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्वतःहून दखल घेतली, तेव्हा २३ सप्टेंबर २०२४ ला वांद्रे पूर्वेला भूमिपूजन झाले.

कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांनी त्यासाठी कित्येक दशके आंदोलने केली होती. तिथे रोज घटनादुरुस्त्या तपासल्या जाणार नाहीत. सातबाऱ्यावरची चुकीची नोंद, प्रांताचा एकतर्फी हुकूम, सहकारी संस्थेवर प्रशासक नेमणारा निबंधक, निवडणुकीच्या तोंडावर रद्द केलेले सदस्यत्व: अशाच कागदांवर 'अॅडमिट, इंटेरिम स्टे' असे लिहिले जाईल, आणि सावंतवाडीच्या पक्षकाराला त्यासाठी आदल्या रात्रीची मुंबईची गाडी धरावी लागणार नाही.